ऑर्विल स्टॅम्परची बुडी

ऑर्विल स्टॅम्पर बेसबॉलच्या वरच्या संघात कधीच का गेला नाही, याची टिलमन गॅप गावात निदान चार कारणं मिळत, आणि फ्लॉइड न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की चारही फुकट मिळत. पहिलं कारण नदीचं. वरच्यांचा माणूस त्याला बघायला निघाला, नेमका त्याच दिवशी पूल पाण्याखाली गेला आणि तो पलीकडूनच परत फिरला. दुसरं, माणूस पोचला, पण मैदानाबाहेरच्या गाड्यावर कोबी घातलेला हॉटडॉग खाल्ला, आणि सामन्याचा बराचसा वेळ त्यानं भलत्याच जागी काढला. तिसरं, रविवारी चेंडू टाकणार नाही असं ऑर्विलनं आईला वचन दिलं होतं. चौथं कारण सांगताना फ्लॉइड वस्तरा थांबवून आवाज खाली आणे: नोलानं जाऊ दिलं नाही. नोला म्हणजे ऑर्विलची बायको. ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसे. त्यामुळे आवाज कितीही खाली आणला तरी दुपारच्या आत गोष्ट तिच्या कानावर जाई, आणि मग त्या दिवशी फ्लॉइडला कुठलाच फोन लागत नसे.

पाचवं कारण गावात कुणाला सुचलं नव्हतं, की तो तेवढा चांगला नसेल. ते एकट्या ऑर्विललाच सुचलं होतं. सकाळी दाढी करताना सुचे आणि तोंड धुतलं तरी जात नसे.

तसा माणूस मोठा गोड. विजेच्या खांबाएवढा उंच, कान सुपासारखे, आणि चालणं असं की उसनी आणलेली शिडी परत द्यायला निघालाय. गावच्या ‘म्यूल्स’ संघाचा तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. म्यूल्स म्हणजे खेचरं. खाणीतल्या खेचरांवरून संघाचं नाव पडलं, आणि बाहेरगावचे लोक म्हणत की पडलं ते बरोबरच पडलं. पंधरा-सोळा उन्हाळे तो त्याच मातीच्या टेकाडावर उभा राहून चेंडू टाकत आला. बाकीची पोरं एक-दोन उन्हाळ्यांसाठी येत. चांगली असली तर वर जात, नसली तर घरी जात. ऑर्विल वरही गेला नाही आणि घरीही, कारण घर इथंच होतं.

त्याच्याकडे चेंडू एकच होता. पण तो एक असा, की त्याला गावानं नाव ठेवलं होतं: बुडी. चेंडू सरळ मांडीच्या उंचीनं येई, बॅटरला वाटे आता हा आपलाच, आणि त्याच्या पायापुढच्या प्लेटपाशी आला की पाय घसरल्यासारखा खाली जाई. बॅटर मारी, पण चेंडूचं टाळकं तेवढं हाती लागे, आणि तो गवतावर फरपटत कुणाच्या तरी हातमोज्यात जाऊन बसे. धावणाऱ्याला धापा टाकायलासुद्धा वेळ मिळत नसे.

संघाचा मॅनेजर विक सॉरेल्स. त्याला पोरं स्किप म्हणत. स्किप वर्षानुवर्षं ऑर्विलच्या मागे लागला होता की बाबा, जोडीला एक हळू चेंडू शीक. हात तसाच जोरात फिरव आणि चेंडू मागं ठेव. ऑर्विलला ते पटायचं नाही. हात एक सांगणार आणि चेंडू दुसरंच करणार, ही त्याच्या मते लबाडी. बुडी कशी, समोरून येते, सांगून येते, ज्याच्यात दम असेल त्यानं मारावी. स्किप फारच बोलला की तो म्हणे, “हळू टाकायचं असेल तर माझ्या आत्याला बोलव. ती फळंसुद्धा हळूच फेकते.”

एकदा, लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात, वरच्यांनी त्याला शिबिराला बोलावलं होतं. आठ-दहा दिवस ठेवून घेतलं, हात दाबून निरोप दिला आणि नाव लक्षात ठेवू म्हणाले. खरी बोच तीच. ‘तू नाही चालणार’ असं कुणी तोंडावर सांगितलं असतं तर माणूस चार दिवस रडून मोकळा झाला असता. पण नाही म्हणणारा कधी भेटला नाही, नि हो म्हणणाराही. वरून बोलावणं आलं तर ते आधी नोलाच्याच हाताखालून येणार होतं. सुरवातीची काही वर्षं एक्स्चेंजच्या फलकावर बाहेरगावचा दिवा लागला की हातातलं सोडून ती आधी तोच फोन घेई. पुढं तिनं वाट पाहणं सोडून दिलं. त्यानं सोडलं नाही, असं ती ओळखून होती. पण बायका सगळंच बोलून दाखवत नाहीत.

त्या उन्हाळ्यात म्यूल्सचे मालक मिस्टर हार्लन पिअरी यांनी बातमी आणली, की येत्या सोमवारी वरचा संघ स्वतः टिलमन गॅपला येतोय. आपल्या पदरच्या छोट्या संघांशी असा एखादा मैत्रीचा सामना वरचे खेळत. कुणालाच तो आवडत नसे. मोठे खेळाडू दोन डाव खेळत, पोरांना सह्या देत आणि तिसऱ्या डावाला बसमध्ये जाऊन झोपत. पण ह्या वेळी त्यांच्यात क्लीट रेनफ्रो होता. रेनफ्रो म्हणजे त्या वर्षी वरच्या लीगमध्ये ज्याच्या होमरनची, म्हणजे थेट मैदानापार जाणाऱ्या फटक्यांची, चर्चा घराघरात होती तो. आणि तो म्यूल्सचाच. दहा-बारा वर्षांपूर्वी ह्याच मैदानात खेळला होता, नि नोलाच्या टेबलाशी बसून तिची मऊ, पावासारखी बिस्किटं अशी खायचा की शेवटी तिनं त्याच्यासाठी वेगळं तबक भाजायला घेतलं होतं.

आता पिअरींबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांचं दुकान फर्निचरचं, आणि दुकानाच्या मागच्या अंगाला अंत्यविधीची व्यवस्था. लाकूड एकच, सुतार एकच, गिऱ्हाईकही बहुधा तेच. प्रेत न्यायची त्यांची लांबलचक काळी गाडी गावात अँब्युलन्स म्हणूनही चाले, आणि दर सामन्याला ती मैदानाच्या डाव्या रेघेबाहेर उभी असे. खेळाडू जखमी झाला तर इस्पितळात, आणि तिथं गुण नाही आला तरी गाडी बदलायला नको. हिवाळ्यात ऑर्विल ह्याच दुकानात कपाटं उचले. कधीकधी कपाटं नसतही.

सामन्याच्या आदल्या दिवशी चर्च सुटल्यावर पिअरींनी ऑर्विलला झाडाखाली गाठलं. आधी हवापाण्याचं बोलले, मग नोलाच्या प्रकृतीचं, मग त्यांचा हात ऑर्विलच्या खांद्यावर पडला. खांद्यावर हात पडला की पिअरी काहीतरी विकतात, हे गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.

“लोक रेनफ्रोचा होमरन बघायला येणारेत, ऑर्विल. डोंगरापलीकडून येणारेत. घरात टीव्ही आल्यापासून इथं कुत्रं फिरकत नाही. एकदा हे मैदान भरलं तर पुढच्या साली संघ राहील, नाहीतर राम म्हणायचं.”

“मग मारेल की तो. त्याचा धंदाच आहे.”

“तुझ्या बुडीवर?” पिअरी म्हणाले. “तुझ्या बुडीवर तो जमिनीवर फरपटत मारेल आणि लोक घरी जातील. पहिल्याच डावात त्याला एक मऊ टाक. कमरेच्या उंचीनं, सरळ, लोण्यासारखा. मी त्याच्या कानावर घालतो, म्हणजे तोही तयार राहील. सगळेच करतात रे. ह्याला कुणी लबाडी म्हणत नाही, पाहुणचार म्हणतात.”

ऑर्विल घरी आला आणि शेंगा सोलत बसलेल्या नोलाला त्यानं सगळं सांगितलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो वरचा माणूस, तोही वरच्यांतला पहिल्या नंबरचा, उद्या समोर उभा राहणार. आणि त्याला टाकायचं काय, तर लोणी.

“मग नको टाकूस,” नोला म्हणाली.

“संघ बुडाला तर?”

“तर टाक.”

“तू कुणाच्या बाजूनं आहेस?”

“मी एक्स्चेंजवाली आहे,” ती म्हणाली. “मी फक्त जोडून देते. बोलायचं तुमचं तुम्ही.”

रात्रभर विचार करून त्यानं पिअरींचं ऐकायचं ठरवलं. पोरांच्या तोंडाकडे पाहून, असं तो पुढं सांगे. नोला सांगे की भ्यायला होता. लोणी टाकलं की उत्तर मिळत नाही, आणि उत्तर नसलं की दाढी करताना निदान भांडता तरी येतं.

सोमवारी मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. शाळेच्या छपरावर लोक, कोळशाच्या वाघिणींवर लोक. पहिल्या डावात दोन गडी बुडीवर मुकाट बाद झाले, आणि रेनफ्रो बॅट घेऊन आला तसं सगळं मैदान उभं राहिलं. त्यानं आधी नोला कुठं बसलीय ते शोधलं, टोपी काढली, पोटावरून हात फिरवला, मग प्लेटपाशी उभा राहिला.

ऑर्विलनं हात नेहमीसारखाच फिरवला. दुसरा फिरवायला त्याला येतच नव्हता. आणि चेंडू सोडताना बोटं सैल केली. चेंडू निघाला तो रमतगमत, कमरेच्या उंचीनं, आमंत्रण दिल्यासारखा. रेनफ्रोनं जिवाच्या आकांतानं बॅट फिरवली. चेंडू वरून गेला, बॅट खालून. एक स्ट्राइक, म्हणजे एक चूक; तीन झाल्या की बाद.

घडलं होतं असं, की पिअरींनी रेनफ्रोच्या कानावर काहीच घातलं नव्हतं. घालायलाच निघाले होते, पण वाटेत वरच्या संघाचे व्यवस्थापक भेटले, त्यांना जेवणाचं टेबल घ्यायचंय असं बोलण्यात निघालं, आणि सागाचं की अक्रोडाचं इथपर्यंत गोष्ट पोचेस्तोवर सामना सुरू झाला. रेनफ्रो बिचारा बुडीची वाट पाहत उभा. ऑर्विलचा हात ओळखीचा, म्हणजे चेंडू बुडणार हे ठरलेलं. म्हणून तो चेंडू जिथं बुडून येणार तिथं बॅट फिरवी, आणि चेंडू बुडतच नव्हता.

ऑर्विलला वाटलं, आपलं लोणी कमी मऊ झालं असेल. दुसरा आणखी हळू टाकला. रेनफ्रोनं तो फार लवकर ओढला आणि रेघेबाहेर असा हाणला की तो थेट पिअरींच्या काळ्या गाडीच्या काचेवर. काच फुटली, आणि रेघेबाहेरचा म्हणून तोही स्ट्राइक धरला गेला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं की आतल्याला विचारा लागलं का, आणि हसण्याची लाट उठली. तिसऱ्या वेळी ऑर्विलनं मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि पोराला चेंडू खेळवावा तसा टाकला. रेनफ्रोची खात्रीच झाली होती की म्हातारा दोनदा हूल देऊन आता खरी बुडी टाकणार. तो इतका खाली वाकून फिरला की गुडघ्यावर बसला. तिसरा स्ट्राइक. बाद.

टिलमन गॅपमध्ये एवढा आरडाओरडा युद्ध संपलं तेव्हाही झाला नव्हता. टोप्या उडाल्या. फ्लॉइडनं शेजारच्या पाद्रीबाबांचा मुका घेतला. टेकाडावर ऑर्विल मात्र चोरी पकडल्यासारखा उभा होता, आणि मालकांच्या जागेवर पिअरी काचेकडे बघावं की रेनफ्रोकडे, ह्या विवंचनेत.

मग ते धावत पाहुण्यांच्या बाकाकडे गेले आणि उशिरानं का होईना, सगळं रेनफ्रोच्या कानावर घातलं. वर माफीही मागितली. पुढच्या खेपेला नक्की, म्हणाले.

रेनफ्रो तोवर हसत होता. ते ऐकलं आणि त्याचं हसणं मावळलं. डाव बदलताना तो तडक ऑर्विलकडे आला.

“ते मऊ होते?” त्यानं विचारलं. “तिन्ही?”

ऑर्विलनं मान डोलावली.

“म्हाताऱ्या, तुझ्या घरी जेवलोय मी. मला भीक घालतोस?”

“मालक म्हणाले, लोकांना...”

“मालक खुर्च्या विकतात. तू काय विकतोस?” रेनफ्रो म्हणाला. “दोन डाव खेळून मी बसणार होतो. आता बसत नाही. माझी पाळी पुन्हा येईल तेव्हा तुझी ती टाक. आणि मी चुकलो तर नोलाबाईंसमोर नाक घासेन.”

इकडे स्किपनं ठरवलं होतं की तीन डाव झाले की ऑर्विलला बसवायचं, एका नव्या पोराला वरच्यांना दाखवायचं. चौथ्या डावाला तो चेंडू घ्यायला टेकाडावर आला. मॅनेजरनं हात पुढं केला की पिचरनं चेंडू त्यात ठेवायचा, ह्यात कधी बदल होत नाही. ऑर्विलनं चेंडू पाठीमागं धरला.

“दे इकडे,” स्किप म्हणाला.

“नाही देत.”

“लहान पोर आहेस का?”

“एक माणूस राहिलाय, स्किप. एवढा एक होऊ दे, मग हवं तर मला पिअरीच्या गाडीत घाल.”

स्किपनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ह्या माणसानं कधी काही मागितलं नव्हतं. स्किप बाकाकडे परत गेला आणि नव्या पोराला म्हणाला, बस, आज बघून शीक.

रेनफ्रो आला. ह्या वेळी टोपी काढली नाही, नोलाकडे पाहिलं नाही. ऑर्विलनं बुडी टाकली. रेनफ्रोनं ती नुसती जाऊ दिली, पंच म्हणाला स्ट्राइक. पुढची थोडी बाहेर गेली. मग एक, रेनफ्रोनं मारली ती त्याच्याच बुटावर आपटली आणि तो लंगडत एक गोल फिरून आला. मग आणखी एक रेघेबाहेर; दोन स्ट्राइक झाल्यावर रेघेबाहेरचा मोजत नाहीत. मग आणखी. वाघिणीवरची पोरंसुद्धा हलेनात. आणि मग ऑर्विलनं अशी एक टाकली की तशी त्याच्या हातून आधी कधी गेली नव्हती नि पुढंही गेली नाही. प्लेटपाशी येऊन ती खाली गेली म्हणण्यापेक्षा नाहीशीच झाली. रेनफ्रोच्या बॅटचं टोक कसंबसं लागलं आणि चेंडू मागं जाळीवर गेला. रेनफ्रो बाजूला झाला, हातांना माती लावली, आणि ऑर्विलकडे बघून मान किंचित लववली. ती मान फक्त दोघांना दिसली.

आता काय टाकायचं? ऑर्विलकडे दुसरं काही नव्हतंच. त्यानं तीच टाकली, तितक्याच जोरानं. रेनफ्रो अर्धं पाऊल पुढं आला, ती बुडायच्या आधीच तिला गाठलं, आणि चेंडू शाळेच्या छपरावरच्या लोकांच्याही डोक्यावरून, रेल्वेच्या रुळांपलीकडे गेला. कुठं पडला ते अजून सापडलेलं नाही.

लोक नाचले. ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं. पिअरींनी दोन्ही हात उंच करून ऑर्विलला शाबासकी दिली आणि डोळा घातला. ऑर्विलनं स्वतः चालत जाऊन स्किपच्या हातात चेंडू ठेवला.

सामना संपल्यावर रेनफ्रो बसकडे न जाता ऑर्विलच्या दारात आला. नोलानं बिस्किटं आणि रस्सा वाढला. खाणं होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग ऑर्विलनं विचारलंच. शब्द त्यानं इतकी वर्षं घोळवून ठेवले होते, पण तोंडातून भलतेच बाहेर पडले.

“मी तिथं टिकलो असतो का रे?”

रेनफ्रोनं ताट पुसून घेतलं. खोटं बोलायला तिथं भरपूर जागा होती, आणि नोला तर तेच बोल म्हणून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

“शेवटच्या आधीची जी होती ना, तसली वर कुणाकडे नाही,” तो म्हणाला. “पण मला माहीत होतं की तू पुन्हा तीच टाकणार. एकट्या बुडीवर तू महिनाभर टिकला असतास. मग सगळ्यांनी अर्धं पाऊल पुढं घेतलं असतं.”

ऑर्विलनं मान डोलावली. पंधरा-सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ‘नाही’ म्हटलं होतं.

“पण म्हाताऱ्या, एक सांग,” रेनफ्रो उठता उठता म्हणाला, “चौथ्या डावात, शेवटी, तू पहिल्या डावातला तो मऊ का नाही टाकलास? मी कमरेतून मोडलो असतो.”

“तो चेंडू नव्हता. तो पाहुणचार होता.”

“मी तीनदा चुकलो त्याच्यावर,” रेनफ्रो म्हणाला. “पिअरीला असल्या पाहुणचाराचं काय कळतंय? तुझा हात बुडीचा आणि चेंडू लोण्याचा. अरे, त्याच्यासाठी तिकडे पिचर लोक जीव टाकतात.”

तो गेल्यावर ऑर्विल बराच वेळ पायरीवर बसून होता. नोलाला वाटलं, आता हा रडेल. तिनं पदार्थ झाकले, दिवा मालवला आणि शेजारी येऊन बसली. त्यानं तिला विचारलं की परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याला मागच्या बाजूनं फळी आहे ना. आहे, ती म्हणाली. उद्यापासून कोंबड्या दुसरीकडे हलव, तो म्हणाला, मला त्या फळीवर चेंडू टाकून बघायचेत.

गावाचं म्हणाल तर गावानं गोष्ट उलटीच लावली. पहिल्या डावात ऑर्विलनं आपल्या कसबानं रेनफ्रोला गुडघ्यावर आणलं, आणि चौथ्यात लोकांसाठी म्हणून मोठ्या मनानं होमरन बहाल केला. फ्लॉइडकडे हे ऐकताना ऑर्विल खुर्चीत ताठ होई आणि सांगे की तीन स्ट्राइक फुकटचे होते, होमरन खरा होता. फ्लॉइड कापड झटकत म्हणे, बघा, किती मोठा माणूस, मोठेपणाही घेत नाही. शेवटी ऑर्विलनं सांगणं सोडलं. पण श्रेय म्हणून कधी मान डोलावली नाही. ह्या बाबतीत तो इतका हट्टी की एका लग्नात शेजारच्यानं त्या तीन चेंडूंचं कौतुक सुरू केलं तर हा केक तसाच टाकून बाहेर जाऊन उभा राहिला.

वरच्या मंडळींनी त्याला बोलावलं नाही. त्या वयाच्या माणसाला कोण बोलावतं? पण ऑगस्टमध्ये एका गुरुवारी पलीकडच्या गावाशी सामना होता. त्यांचा एक दांडगा बॅटर होता, गेली दोन वर्षं ऑर्विलवर पोट भरणारा. ऑर्विलनं त्याला एक बुडी टाकली, मग आणखी एक, आणि तिसऱ्या वेळी त्याच जोरात हात फिरवून बोटं सैल केली. दांडगा इतक्या आधी फिरला की बॅट हातातून सुटून पिअरींच्या नव्या काचेपासून हातभर अंतरावर पडली.

बाकावर स्किपनं टोपी डोळ्यांवर ओढली आणि शेजारच्याला म्हणाला, शिकला एकदाचं गाढव. टेकाडावर ऑर्विल लाजला. लबाडी केल्यासारखं तोंड करून तो इकडे तिकडे पाहत होता, आणि पुढचा बॅटर यायला उशीर का करतोय म्हणून चेंडू हातात फिरवत होता.